भृंगराजाने केलेली नक्कल

२१ मार्च, अलोऱ्याच्या वरचं रान
पक्षिमित्र मंडळात मी नवा, तरी पहिल्याच शिबिराला नेलं! आज परतीला लागलो. बाकीचे जीपने गेले. दीपालीताई, वाट दाखवणारे काशीरामकाका आणि मी पक्षी बघत पायी उतरतोय. सावर फुलली आहे. तिच्यावर मैना, हळद्या आणि एक भृंगराज : काळा कुळकुळीत, शेपटीला दोन लांब तारा, त्यांच्या टोकाला पिसं. हा कुणाचीही नक्कल करतो, असं ताई म्हणाल्या. त्यांनी फोनवर त्याचाच आवाज लावला, तसा तो अगदी जवळ आला. काकांना ते रुचलं नाही. रानात असं फसवून कुणाला बोलावू नये म्हणाले. मग हसले, "आमी पाखरू पिंजऱ्यात घालतो, तुमी फोनात. फरक काय तो सांग गो बाय."

२२ मार्च, सकाळ
भृंगराज मागोमाग येतोय. शिक्रा, मांजर, काकांचा खोकला, सगळं हुबेहूब. ताईंना हसू आवरेना. मग तो काकांच्या आवाजात ओरडला, "आई गं, माजा पाय!"
काका माझ्या शेजारी बसून विडी पेटवत होते.

२२ मार्च, दुपार
काका घसरले. तेच शब्द ओरडले. तसेच. पाय मोडला आहे. फोनला रेंज नाही. त्यांना सावलीत निजवून उशाशी पाणी ठेवलं. मदत आणायची तर कड्याची अरुंद वाट ओलांडायलाच हवी. जीपचा रस्ता एक दिवस मागे राहिला, दुसरी वाट नाही.

दुपारनंतर, कड्यापाशी
तो समोरच्या झाडावर. आता ताईंचा आवाज — "रितेश, हात सोडू नको रे!"
ताई पांढऱ्या पडल्या. मग म्हणाल्या, नको सोडूस, झालं. दोरीने आमची मनगटं एकमेकांना बांधली. माझं डावं. गाठ ओढून ओढून पाहिली.
ताई दम घेतायत. तेवढ्यात लिहितोय —

परत बोलला. या वेळी आवाज माझा. रडका. ताईंच्या आईला सांगतोय — "काकू, ताईंची गाठ मीच सोडली, नाहीतर मी पण —"

ताईंनी ऐकलं. स्वतःच्या हाताने गाठ आणखी आवळली. चल म्हणाल्या, काका एकटे आहेत.

मी नाही सोडणार. मी सोड —