खडीवरचा ब्रेक

रिकार्टन, क्राइस्टचर्च
१७ नोव्हेंबर २०२४

तीर्थस्वरूप श्यामलाआत्यास,
ईशाचा शि. सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही याचं आज पहिल्यांदाच बरं वाटतं आहे. हे तोंडाने सांगणं मला जमलं नसतं. शाळेत जायच्या आधी मुळाक्षरं तूच गिरवून घेतलीस आणि खाडाखोड चालणार नाही म्हणून बजावलंस, त्यामुळे हा कागद तिसरा आहे.

आत्या, मी मोटरसायकल घेतली. डोंगरातल्या कच्च्या वाटांवर चालवतात तसली. सीट माझ्या कमरेहून उंच, त्यामुळे थांबलं की चवड्यांवर तोल सांभाळावा लागतो. पहिल्या शनिवारी सात वेळा पडले, त्यातही चार वेळा उभ्या उभ्याच. ऑफिसातले हेमी मला शिकवतात. ते बाबांच्याच वयाचे आहेत. त्यांचं म्हणणं, बाईक पायांखाली हलणारच, तिला हलू द्यायचं. आपण उभं राहायचं आणि नजर लांब ठेवायची. मी मात्र पुढच्या चाकाकडेच बघत बसते. पडले की ते शांतपणे ‘स्वीट अ‍ॅझ’, म्हणजे इथल्या बोलीत ‘काही बिघडलं नाही’, म्हणतात आणि थर्मासमधला चहा ओततात.

नऊ वर्षांपूर्वीचं तुला माहीत आहे, तरी लिहिते. यवतेश्वरच्या घाटात स्कूटर मी चालवत होते, बाबा मागे बसून शिकवत होते. वळणावर खडी होती. मी पुढचा ब्रेक करकचून दाबला आणि दोघं पडलो. बाबांचा उजवा कोपर अजून सरळ होत नाही. दुचाकीला पुन्हा हात लावणार नाही, असा शब्द मी देवघरापुढे आईला दिला होता.

आता मी आईला सांगते की शनिवारी डोंगरावर जाते. यात खोटं काही नाही, आणि खरंही नाही. चालून माझ्या टाचा दुखत असतील म्हणून तिने लोकरीचे मोजे विणून पाठवले. तेच घालून मी बाईक चालवते. काल एका खडीच्या उतारावर हात आपोआप ब्रेकवर आवळला आणि मी आडवी झाले. लागलं नाही. पण पडल्या पडल्या मी आधी मागे वळून बघितलं. मागे कोणी नव्हतंच.

बाईक विकून टाकू, की आईला सांगू? तू म्हणशील ते करीन. बाबांना मात्र यातलं काही कळू देऊ नकोस.

हे वाचूनही तुझा लोभ आटू देऊ नकोस.

तुझी
ईशा

सातारा
११ डिसेंबर २०२४

चि. ईशास,
अनेक आशीर्वाद.

अक्षर बघून दचकली असशील. गेल्या आठवड्यात माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि वाचायला बंदी आहे. तुझा बाबा, आपला रमण, संध्याकाळी डोळ्यांत थेंब घालायला येतो. आलेलं पत्र मोठ्याने वाचायची आपल्या घरची रीत. पाकीट मीच त्याच्या हातात दिलं. तो माझ्या कानाशी येऊन वाचत सुटला, बाबांना कळू देऊ नकोस हेही वाचलं, आणि मग बराच वेळ चष्मा पुसत बसला. चूक माझी. मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने वाचलं म्हणजे शेजारच्या प्रमोदिनीनेही ऐकलं असणार, आणि ती तुझ्या आईबरोबर भजनाला जाते. तेव्हा फार दिवस काढू नकोस.

मी सांगते तसं रमण मुकाट लिहून घेतो आहे. माझं मत असं. शब्द आईला दिला होतास, तर मोडल्याचं तिलाच सांग. बाईक विकल्याने शब्द पाळल्यासारखा होत नाही, नुसता पुरावा जातो. सात वेळा पडल्याचं तेवढं एकदम सांगू नकोस, दोनापासून सुरुवात कर.

श्यामलाआत्या

ईशा, इथून पुढे मी. ताईला डुलकी लागली आहे.

त्या वळणावर समोरून एसटी आली, तेव्हा मी मागून ओरडलो, “ब्रेक दाब, दाब!” तू नवशिकी, तू दाबलास. खडीवर पुढचा ब्रेक दाबायचा नसतो हे तुला शिकवायचं काम माझं होतं. दवाखान्यात तू रडत माझं चुकलं म्हणालीस आणि मी गप्प राहिलो, कारण पोरीला घाटात कशाला नेलंत म्हणून तुझी आई मला आधीच बोलत होती. तू शब्द दिलास तेव्हा मी शेजारीच उभा होतो. तुला माझं ओरडणं आठवत नसेल, अशी आशा करत नऊ वर्षं काढली. तुझ्या आईला अजून सांगितलेलं नाही. धीर होत नाही.

हेल्मेट चांगलं आहे ना?

बाबा

रिकार्टन, क्राइस्टचर्च
३ जानेवारी २०२५

तीर्थरूप बाबांस,
ईशाचा शि. सा. न. वि. वि.

हेल्मेट चांगलं आहे. छातीला आणि कोपरांनाही कवच असतं.

बाबा, मला आठवतं. तुमचं ओरडणं मी ऐकलं होतं. दवाखान्यात तुमचा हात बांधलेला आणि आई तुम्हाला बोलत होती, ते बघवेना, म्हणून मी माझं चुकलं म्हणाले. पुढे ते इतक्या वेळा म्हणाले की मलाच पूर्ण खरं वाटायला लागलं. ब्रेक माझ्या बोटांखाली होता, तेवढा वाटा माझा आहेच. पण देवघरापुढे उभं राहून मी आईला अर्धंच सांगितलं, आणि तुम्हीही. शब्द मोडल्याचा अपराध मी दोन-तीन महिने उगाळते आहे, अर्धंच सांगितल्याचा हा दुसरा अपराध तर मी कधी मोजलाच नव्हता.

या पत्राचा फोटो तुमच्या मोबाइलवर पाठवते आहे. टपालाची वाट बघण्याइतका वेळ प्रमोदिनीकाकू देणार नाहीत, अजून बोलल्या नाहीत हेच आश्चर्य. परवा रविवारी तुमच्या सकाळी आठ वाजता मी आईला फोन करीन. ती बाईक विक म्हणाली तर काय करायचं ते मी ठरवलेलं नाही. खोटं मात्र बोलणार नाही.

तुम्ही तिच्या शेजारी बसा आणि फोन स्पीकरवर ठेवायला सांगा. आधी मी बाईकचं सांगेन. आई रागावेल, ते ऐकून घेईन. मग मी गप्प बसेन, पण फोन ठेवणार नाही. तेव्हा तुम्ही बोला.

माझ्यावरचा लोभ रविवारनंतरही राहू द्यावा.

तुमची
ईशा