आपल्या जुन्या टीव्हीवर

आई,

हॉलमध्ये चपला घालूनच ये. टेबलाची काच फुटलीये आणि खाली रक्त आहे, पुसायला वेळ नव्हता. धाकट्याच्या भुवईवर नऊ टाके पडलेत. डोळा वाचला. त्याची विम्याची कागदपत्रं न्यायला आलो होतो, परत दवाखान्यात चाललोय.

तो तुला खरं सांगणार नाही, म्हणून मीच सांगतो. त्याच्या नव्या गेम कन्सोलला मी डबडं म्हणालो. माझा महागडा त्याच्या शेजारी ठेवला आणि एकेक गोष्ट ऐकवली. माझ्यात स्टोरेज दुप्पट, ग्राफिक्स तिप्पट, त्याच्यात तर डिस्क घालायलाही जागा नाही. तो हसून म्हणाला, "आई म्हणते, आपल्या दोघांत व्यवहार फक्त मलाच कळतो." मी त्याची मान धरून टेबलावर आपटली. त्याने माझा दात पाडला. मग मी माझा कन्सोल उचलून त्याच्या तोंडावर हाणला. त्याचा दोन किलोचा आहे, माझा साडेचार. तेवढाच फरक सांगायचा राहिला होता.

डॉक्टरला तो म्हणाला, जिन्यावरून पडलो. कुणी विचारलं तर तूही तेच सांग.

आणि एक. दुकानात दिवसभर मी हेच कन्सोल दुरुस्त करतो. आपल्या जुन्या टीव्हीवर दोन्हींचं चित्र अगदी सारखंच दिसतं. हे मला त्याची मान धरायच्या आधीपासून माहीत होतं.

तुझा थोरला