वज्रकेतूची माफी

८ जुलै १९७४

सांगून टाकलं! काकांच्या तोंडावर सांगितलं — मासिकाच्या दुर्गापूजा अंकातली वज्रकेतूची चित्रकथा मी काढणार. गोष्टही माझी, चित्रंही माझी.

दत्तूकाका ब्रश धूत होते. मान वर न करता म्हणाले, "वज्रकेतू माझा आहे, शकुन."

"आणि पवन-तारा कुणाचे?"

ते ब्रश धुतच राहिले. केव्हाचा स्वच्छ झाला होता.

बाबा गेल्यावर काकांनीच आम्हाला वाढवलं. वज्रकेतूच्या हाताखाली दोन पोरं हवी होती तेव्हा चारूदादाला समोर उभं करून पवन काढला, मला उभं करून तारा. मुखवट्यातून माझं नाक ओळखू यायचं, शाळेत मुली चिडवायच्या. पुढे दादा इमारती काढायला लागला, मी फुग्यांतल्या संवादांची अक्षरं. अख्ख्या बंगालातली मुलं ती पानं वाचत होती, आणि आम्ही तिघं भवानीपुरात एका टेबलाशी बसून ती काढत होतो.

मग दादाने खिदिरपूरला कस्टममध्ये नोकरी धरली. काका म्हणाले, "कारकून हो जा!" आणि पुढच्याच अंकात पवनला हावड्याच्या पुलावरून खाली सोडलं. मेला. दादाने तो अंक सियालदह स्टेशनवर विकत घेतला, उभ्याउभ्या वाचला. त्यानंतर काकांची पायरी चढला नाही. दोन वर्षं झाली.

मी ठरवलंय — पवन जिवंत आहे. तो आणि तारा मोठे झालेत आणि वज्रकेतूला जाब विचारायला येतात. संपादक नीहारबाबूंनी ऐकताच टेबलावर हात मारला. "कोरुन, दीदी, कोरुन!" कराच म्हणे.

करणार.

१४ जुलै

खिदिरपूरला गेले. दादा गोदीच्या फाटकाशी भेटला. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला.

विचारलं, पवन परत आला तर वज्रकेतूला काय म्हणेल?

"मेलेल्या माणसाला काय विचारतेस!" हसला. मग जहाजांकडे बघत म्हणाला, "मारलं त्याचं काही नाही गं. गाडीभर माणसं वाचवायला वज्रकेतूने माझा हात सोडला — ठीक आहे. पण पुढच्याच पानावर पोलीस कमिशनरबरोबर चहा पीत बसलाय! हसतोय! ते पान मी कितीदा उलटून पाहिलं. एखादा तरी चौकोन माझ्यासाठी काळा ठेवायचा होता."

तिथेच पिशवीवर कागद ठेवून हे वाक्य लिहून घेतलं. दादा ओरडला, "ए, माझं नाव नको हं घालूस!"

२२ जुलै

वज्रकेतूची हनुवटी जमत नाही. ती फक्त काकांच्याच हाताला येते. दिवसभर लोडशेडिंग, पंखा बंद. घाम कागदावर पडून शाई पसरली. दोन पानं वाया.

२३ जुलै

सुचलं! काकांचा वज्रकेतू काढायचाच नाही. माझा काढायचा. म्हातारा झालेला, शिरस्त्राण काढून ठेवलेलं, केस पांढरे, हनुवटीवर दोन दिवसांची दाढी. सकाळपासून तीन पानं झाली. जेवायचं विसरले.

४ ऑगस्ट

काका आले. आईने घाईघाईने पोहे केले. ते सरळ माझ्या टेबलाशी गेले आणि एकेक पान उजेडात धरून पाहू लागले.

"माझे केस एवढे पांढरे नाहीत."

"हा वज्रकेतू आहे, काका."

"हं." पुढचं पान. पवन विचारतो, हात सोडल्यावर तुम्ही मला शोधायला का आला नाहीत? तिथे ते थांबले. मग शेवटचं पान. त्यात वज्रकेतू म्हणतो, "चुकलं माझं."

"हे काढून टाक. वज्रकेतू माफी मागत नाही."

"इथे मागतो."

"मी जिवंत असेपर्यंत नाही!" पोह्यांना हातही न लावता उतरून गेले.

आई बशी झाकत म्हणाली, "बापाच्या जागी आहेत ते तुला."

"म्हणूनच ना, आई!" आवाज चढला माझा. नंतर वाईट वाटलं. पण वाक्य ठेवलं.

१९ ऑगस्ट

काका कॉलेज स्ट्रीटला मासिकाच्या कचेरीत जाऊन नीहारबाबूंना भेटून आले. आज नीहारबाबू मला चाचरत म्हणाले, "फक्त तेवढं एक वाक्य, दीदी... शेवटी वज्रकेतू नुसता गप्प उभा राहिला तर?"

मी पानं गोळा करायला लागले. खरंच घेऊन जाणार होते. ट्रामने घरी जाऊन मोठ्याने रडले असते, पण घेऊन गेले असते.

"बोशुन, बोशुन," म्हणत त्यांनी मला बसवलं. वाक्य राहिलं.

१४ सप्टेंबर

अंक आला. गोष्ट आणि चित्रे : शकुन. दत्तूकाकांचं नावही आहे — मूळ कल्पना म्हणून. मीच घालायला लावलं. ती त्यांचीच आहे.

आईने अंक देवापुढे ठेवला. काकांकडून काही निरोप नाही.

२० सप्टेंबर

इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला गेलो. आरती चालू असताना पाहते तर मंडपाच्या एका बाजूला काका, दुसऱ्या बाजूला दादा! दोघेही टाळ्या वाजवताहेत, एकमेकांकडे बघायचं टाळताहेत.

आरती संपली. काका लोकांतून वाट काढत दादापुढे जाऊन उभे राहिले. मला वाटलं, आता भांडण.

"पवन कसा आहे?" काका म्हणाले.

दादाने मनगट चोळलं. मग म्हणाला, "हात दुखतो अधूनमधून."

काकांनी त्याचा हात धरला. मनगटापाशी, घट्ट. चारचौघांत! "चुकलं रे," एवढंच. माझंच वाक्य, पण त्यांच्या तोंडून ते किती जड वाटलं.

आई पदर तोंडाला लावून रडत होती. मीही. मंडप आवरेपर्यंत ते दोघं पायरीवर बसून बोलत होते, हातांनी हवेत चित्रं काढत होते. मी लांबूनच बघितलं. मध्ये गेले नाही. हे मी केलं! इथे लिहायला हरकत नाही — मी केलं.

९ ऑक्टोबर

नीहारबाबूंनी बोलावलं. जानेवारीपासून वज्रकेतू काका आणि चारूदादा मिळून काढणार. दादा रविवारी बसेल. सगळं ठरलंय, पहिली पानंही आली आहेत. मला घरात कोणी सांगितलं नाही. तारा त्या गोष्टीत नाही.

"अक्षरं मात्र तुमचीच हवीत, असं दत्तबाबू म्हणालेत," नीहारबाबू खाली बघत म्हणाले.

मी नाही म्हणाले. मग म्हणाले, मला चार पानं वेगळी द्या. दर महिन्याला. वज्रकेतू नाही, तारा नाही, काकांचं काही नाही.

"मग कोण?"

"अजून चेहरा काढलेला नाही."

दिली त्यांनी.