पाद्रीबुवा शेजारी वळले

ब्रन्सविक, मेलबर्न
डिसेंबर १९१७

प्रिय हेस्टरताई,

काल तुझ्या गल्लीत मी भांडायच्या तयारीनेच आले होते. येत्या सार्वमतात सक्तीच्या लष्करभरतीला नकार द्या, अशी आमची पत्रकं वाटत होते, आणि तुझ्या फाटकावर ‘होकार द्या’चा कागद! बायकांना मत मिळावं म्हणून आपण दोघींनी याच गल्लीत दारोदार सह्या मागितल्या होत्या. आता तू मला घरातही घेत नाहीस.

तेवढ्यात वळणावर पाद्रीबुवा दिसले. आघाडीवर मुलगा पडला की बातमी तेच आणतात, म्हणून साऱ्या खिडक्यांचे पडदे हलले. ते तुझ्याच फाटकाशी थांबले. तू धावत बाहेर आलीस आणि माझा हात घट्ट धरलास. आघाडीवर गेलेला ओवेन तुझा मुलगा खरा, पण वाढला माझ्याही अंगाखांद्यावर.

त्यांनी घराचा नंबर वाचला, टोपी सारखी केली आणि शेजारच्या पास्कोबाईंचं दार वाजवलं.

“सुटले गं बाई!” तू म्हणालीस. मग तिकडून किंकाळी आली, तशी तू माझा हात झिडकारलास. “ती पत्रकं घे आणि चालती हो इथून!”

मी न भांडता गेले, ताई. कारण ‘सुटले’ मीही म्हणाले होते, मनातल्या मनात.

लढाईने आपल्याला असल्या बायका करून ठेवलंय. उद्याच्या मतदानातलं माझं ‘नाही’ त्यासाठी आहे. हे पत्र तुला धाडायची हिंमत नाही.

पास्कोबाईंकडे सूप घेऊन निघालेय. त्यांच्या नजरेला नजर कशी देऊ, तेवढं सांग.

तुझी,
लेटी