कॅप्टनला विचारलं होतं

वीज वसाहत, खापरखेडा
रविवार, ४ जानेवारी २०२६

चि. अपेक्षास,
अनंतकाकाचे अनेक आशीर्वाद.

इकडे आम्ही सगळे बरे आहोत. थंडी यंदा जोरात आहे, तुझ्या काकूचे गुडघे सकाळी कुरकुरतात. (लिहून झाल्यावर लक्षात आलं, गुडघ्याचा विषय मी काढायला नको होता. पेनने लिहिलंय, आता खोडत नाही.) तुझे बाबा, म्हणजे आमचे दादा, रोज संध्याकाळी मैदानाला दोन फेऱ्या मारतात आणि कोणाशी फारसं बोलत नाहीत.

तू माझा फोन उचलत नाहीस, व्हॉट्सॲपवर ब्लॉक केलं आहेस, म्हणून हे पत्र. पत्ता मयुराकडून घेतला. ती आता तुझ्या जागी उजव्या विंगला खेळते आणि कॅप्टनही तीच आहे. ब्लॉक केलंस ते एका अर्थी बरंच झालं, माझ्या राजकारणाच्या फॉरवर्डमधून तरी सुटलीस. परवा काकू मयुराला म्हणत होती, “मलेही शिकव ना वं ते ब्लॉक करणं, हे मले घरातल्या घरात पाठवतेत.”

फुटबॉलचं तर बोलूच नये. देशाची मोठी लीग यंदा अजून सुरूच झालेली नाही. खेळाडू घरी, कोच घरी आणि कागद दिल्लीत या टेबलावरून त्या टेबलावर. माझं मोहन बागान आणि तुझं ईस्ट बंगाल दोघंही बसून आहेत, त्यामुळे तुला चिडवायचीही सोय राहिली नाही. जूनमध्ये वर्ल्ड कप आहे. नकाशात भिंग लावून शोधावी लागतात अशी बेटं तिथे खेळणार आणि आपण एकशे चाळीस कोटी लोक टीव्हीपुढे चिवडा खाणार.

माझं मत तुला पाठ आहे, तरी लिहितो. आपल्याकडे खेळ चालवणाऱ्यांना खेळ येत नाही आणि देश चालवणाऱ्यांना हरणं येत नाही. साध्या खेळाडूला टीम बदलायची तर मुदत असते, जुन्या क्लबाचा कागद लागतो. पुढाऱ्याला काहीच लागत नाही. सकाळी या बेंचवर, दुपारी त्या बेंचवर, आणि संध्याकाळी चॅनलवर येऊन सांगतो की देशासाठी केलं. मी मात्र चाळीस वर्षं एकाच पक्षाला मत दिलं आणि एकाच टीमसाठी घसा फोडला. याचा मला अभिमान आहे. म्हणजे, होता. असो.

आता कामाचं. वसाहतीच्या स्पर्धेतली मुलींची फायनल १८ तारखेला, रविवारी, दुपारी चारला आहे. सेक्रेटरी यंदाही मीच. तू यावंस अशी फार इच्छा आहे. नागपूरच्या नंदनवनहून तासाभराची बस, पण दोन वर्षांत तू इथे पाऊल ठेवलं नाहीस. त्या फायनलमध्ये तुझा गुडघा गेला, आणि पुढच्याच मंगळवारची भुवनेश्वरची क्लबची ट्रायलही गेली. वाईट मलाही वाटतं. पण उजेड कमी झाल्यावर खेळायचं की नाही हे दोन्ही कॅप्टनांना विचारलं होतं, आणि तू हो म्हणाली होतीस. आठवून बघ जरा. मिहानच्या कंपनीत चांगली नोकरी लागली आहे, आता किती दिवस ते धरून बसणार?

येशील ना?

तुझा,
अनंतकाका

*

खापरखेडा
सोमवार, १२ जानेवारी

चि. अपेक्षास,

मागचं पत्र तू फाडलं असशील. फाडायच्याच लायकीचं होतं.

काल फायनलच्या दोन्ही टीमची मीटिंग झाली. रेफरी नेहमीचे गणपतराव, आपल्या शाळेतले निवृत्त पीटी सर. नियम सांगून झाले, चहा यायचा होता, तेवढ्यात मयुराने हात वर केला. “सर, उजेड गेला तर कोण ठरवणार? कॅप्टनले विचारता का?”

गणपतराव अगदी सरळ मनाने म्हणाले, “विचारतो ना वं. त्या सालीही विचारलं होतं. अनंतरावनं सोता जाऊन विचारलं होतं अपेक्षाले.”

“अपेक्षाताई तर म्हणते, मले कोणीच नाही विचारलं.”

बावीस मुली माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, “जुन्या गोष्टी कायले काढता? चहा घ्या.” चहा आला, मीटिंग संपली. मी घरी येऊन जेवायला बसलो आणि अर्ध्या ताटावरून उठलो. काकूने विचारलं, काय झालं. तिलाही सांगता आलं नाही. म्हणून आज तुला लिहितोय. तुला तर ते माहीतच आहे, तरी माझ्या हाताने लिहिलेलं असावं.

त्या दिवशी मॅच चारची होती. साहेब यायचे होते, आपल्या पक्षाचे, म्हणजे माझ्या पक्षाचे. त्यांचा माणूस दर दहा मिनिटांनी फोनवर सांगायचा, निघाले, निघाले. तुम्ही मुली वॉर्मअप करून करून थंड झालात. पाचला साहेब आले, सोफ्यावर बसले, हस्तांदोलनं झाली, फोटो झाले, मग शिट्टी. हाफ टाइमला पावणेसहा होत आले होते. गणपतराव माझ्याकडे आले. म्हणाले, “अनंतराव, उजेड चालला गा. उरलेली उद्या सकाळी घेऊ. नाहीतर कॅप्टनायले तरी विचारून या.”

मी तुझ्याकडे निघालो. तू गवतावर बसून मोजे ओढत होतीस, माझ्याकडे पाठ होती. दहा पावलांवर मी थांबलो आणि सोफ्याकडे बघितलं. साहेब घड्याळ बघत होते. मॅच उद्यावर गेली असती तर बक्षीस समारंभ गेला असता, उद्याच्या पेपरातला फोटो गेला असता. मी तिथूनच मागे फिरलो आणि गणपतरावांना सांगितलं, “विचारलं. दोघीही तयार आहेत.”

दुसऱ्या हाफमध्ये तू विंगवरून ओरडलीस, “काका, बॉल दिसून नाही राहिला!” माइक माझ्या हातात होता. मी ऐकलं, अपेक्षा. ऐकलं आणि कॉमेंट्री आणखी मोठ्याने सुरू केली. पाच मिनिटांनी तू पडलीस. तुला उचलून नेत होते तेव्हा त्याच माइकवरून मी सांगितलं, खेळ दोन्ही कॅप्टनच्या संमतीने सुरू होता.

बाकीचं तुझ्यासमोरच घडलं. तू दवाखान्यात म्हणालीस, मला विचारलं नाही. मी म्हणालो, विचारलं होतं. दादाने माझ्यावर विश्वास ठेवला, मी त्याचा भाऊ ना! सगळ्यांदेखत तुला म्हणाला, आपली चूक मोठ्या माणसावर ढकलू नको. चालता यायला लागल्यावर तू घर सोडलंस. त्यानंतर ही गोष्ट मी इतक्या वेळा सांगितली, की तू मान हलवल्याचं मलाही दिसायला लागलं.

एक मात्र मला आता कळतंय. दुसऱ्या पक्षाचा पुढारी उशिरा आला असता, तर मी ठीक चारला शिट्टी वाजवायला लावली असती, वर माइकवरून लोकशाहीवर भाषण ठोकलं असतं. आपला माणूस म्हणून तासभर थांबलो. मोहन बागानच्या डिफेंडरने बॉक्समध्ये कोणाला आडवं केलं की मी टीव्हीपुढे उठून ओरडतो, “पाय बॉलले लागला, बॉलले!” तू पोट धरून हसायचीस. तेच मी इथे केलं, फक्त पाय तुझा होता. देशात काय चाललंय यावर मी रोज दोन तास बोलतो. जे मैदान माझ्या हातात होतं, तिथे मी काय केलं ते बघ.

आज सकाळी साहेबांच्या माणसाचा फोन आला. “रविवारी साहेब येतेत, पण पाच-साडेपाच होईन. मॅच थांबवून ठेवा.” मी म्हटलं, मॅच चारला आहे. तो हसला. त्याला वाटलं मी गंमत करतोय. मी पुन्हा म्हटलं, चार म्हणजे चार. मग तो म्हणाला, “अनंतराव, तुम्ही आपले माणूस ना गा?” मी म्हटलं, हो, आणि फोन ठेवला.

रविवारी शिट्टी चारला वाजेल. हे मी ठरवलंय, यात बदल नाही. दादालाही सांगणार आहे. ते जास्त कठीण आहे. परवा संक्रांत, तिळगूळ घेऊन जाईन तेव्हा सांगतो.

अनंतकाका

*

खापरखेडा
सोमवार, १९ जानेवारी, सकाळी सात

अपेक्षा,

संक्रांतीला दादाकडे गेलो, तिळगूळ दिला, थंडीवर बोललो आणि परत आलो. शुक्रवारी पुन्हा गेलो. त्या दिवशी वर्ल्ड कपवर बोललो. दादाला फुटबॉलमधलं काही कळत नाही, तरी अर्धा तास ऐकून घेतलं बिचाऱ्याने. मला खरं सांगवलं नाही. हेही तुला कळायला हवं, नाहीतर मी फार शूर होतो असं वाटेल.

काल चारला पाच मिनिटं कमी असताना साहेबांचे चार जण मोटारसायकलवरून आले. सोफा रिकामा होता. एक जण म्हणाला, “काहून घाई करून राहिले? साहेबाचा अपमान होईन ना.” मी गणपतरावांकडे बघितलं आणि मान हलवली. चारला शिट्टी वाजली. ते चौघं लाइनवर उभे राहून फोनवर फोन करत होते, मैदानात मुली धावत होत्या. मयुराच्या टीमने दोन-एक जिंकली. दुसरा गोल तिचाच, उजवीकडून आत येऊन डाव्या पायाने. तू असतीस तर पास दिला असतास, पण गोल चांगला होता.

पाच वीसला मॅच संपली तेव्हा लख्ख उजेड होता. बक्षिसं बायजाबाईंच्या हातून दिली. वीस वर्षं त्या मैदानावर चुन्याच्या रेघा मारतात, सोफ्यावर पहिल्यांदा बसल्या. मग मी माइक घेतला. खोटं याच माइकवरून बोललो होतो, म्हणून दुरुस्तीही इथूनच करायची होती. म्हटलं, दोन वर्षांपूर्वीच्या फायनलमध्ये कॅप्टन अपेक्षा भोयरला मी काहीही विचारलं नव्हतं. रेफरीला खोटं सांगितलं, घरी खोटं सांगितलं. तिने ओरडून सांगितलं होतं की बॉल दिसत नाही, ते मी ऐकलं होतं. आजपासून मी सेक्रेटरी नाही.

गणपतराव शिट्टी खिशात घालून निघून गेले. साहेबांची गाडी साडेपाचला आली आणि गेटवरूनच वळली. पक्षाच्या ग्रुपमधून मला रात्रीच्या आत काढलं. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू, चाळीस वर्षं कमी नाहीत. पण मैदान रिकामं होईपर्यंत दादा पेंडॉलच्या खांबाजवळ उभा होता, मला त्याचीच भीती होती.

मी जवळ गेलो. तो म्हणाला, “अनंत, मंग माही पोरगी दोन वर्षांपासून खरंच सांगून राहिली होती?”

“हो दादा.”

“अन् मी तिले म्हटलं...” मी हात धरायला गेलो, त्याने सोडवून घेतला.

आज सकाळी सहाला तो दारात आला. स्वेटर, मफलर, हातात पिशवी. आत आला नाही. “अपेक्षाचा पत्ता दे,” म्हणाला. नंदनवन एवढंच त्याला माहीत होतं. गल्ली नाही, घर नाही. दोन वर्षं तू तासाभराच्या अंतरावर राहिलीस आणि तुझ्या बापाला तुझं दार माहीत नव्हतं. हे माझ्यामुळे झालं. तुझ्या गुडघ्यापेक्षा हे मोठं की लहान, ते मला ठरवता येत नाही.

म्हणून हे पत्र पोस्टात टाकत नाही. पाकिटावर तुझा पत्ता मोठ्या अक्षरात लिहून त्याच्या हातात देतोय. तो बाहेर ओट्यावर बसलाय, लवकर लिही म्हणतो, साडेसातची बस गाठायची आहे. तू हे वाचशील तेव्हा तो समोर असेल. त्याला बोलता येणार नाही, तू त्याला ओळखतेस. त्याला आत घे आणि चहा दे, सकाळपासून काही घेतलेलं नाही. मला माफ कर असं मी म्हणणार नाही आणि उत्तराचीही वाट बघणार नाही.

खाली पूर्ण नाव लिहितोय, म्हणजे पुढे कोणालाही दाखवता येईल.

तुला कोणी विचारलं नव्हतं. तू हो म्हणाली नव्हतीस.

अनंत विठोबाजी भोयर