बर्फाची काठी चालते का

८ मार्च, रविवार

माफ कर, वही. संक्रांतीनंतर तुला हातच लावला नाही. लिहायला काही नव्हतं असं नाही. पण काळजी कागदावर उतरवली की ती पक्की होते असं मला वाटतं. मनात असते तोवर निदान हलते तरी.

महारुद्राच्या आईचं वर्षश्राद्ध झालं. वर्षभर घरात सण नव्हता. आता पाडवा येतोय. तिच्यामागची पहिली गुढी. आणि पोरगा लडाखात! रस्त्याच्या कामावर पोकलेन चालवतो. सुट्टी मिळत नाही. जाताना आईचा हिरवा खण मागून घेऊन गेला. म्हणाला, "तिकडं गुढी उभारीन, तिला खण लावीन. आई दोन्हीकडं राहील."

आज सुनेनं, राजनंदिनीनं, मोबाइलवर त्याचा फोटो दाखवला. पत्र्याच्या शेडसमोर उभा आहे. हातात काचेच्या मुळ्यासारखं काहीतरी, खांद्याएवढं लांब. म्हणे पत्र्याच्या कडेवरून पाणी गळता गळता गोठतं आणि तसंच लोंबत राहतं. त्याला आपल्याकडे शब्द नाही. कुठून असणार! खाली त्यानं लिहिलं होतं — आबा, हितं झाड म्हणून न्हाई. यंदा गुढीला हीच काठी. चालंल का?

सून हसली. मला हसू आलं नाही.

९ मार्च

चालणार नाही.

फोन लागला तेव्हा तेच सांगितलं. म्हटलं, काठी जमिनीतून वर उगवलेली असते. वरून खाली लोंबलेली ती काठी नव्हे. उलटी करून रोवली तरी नव्हे. आणि वितळली तर? दिवस मावळायच्या आत गुढी पडली तर? तुझ्या आईचा खण चिखलात पडलेला मला बघवायचा नाही.

तो म्हणाला, "आबा, दोरी गुंडाळून ठेव, चपला सरळ काढ, काठी वेळूचीच आण — तुमी रेल्वेत गँगमन होताव का देवाचे मुकादम?"

लहानपणापासून मला असंच बोलतो. हसत हसत. मी मात्र चिडलो. म्हटलं, लाकूड मिळत नसेल तर गुढीच उभारू नको. अर्धवट करण्यापेक्षा न केलेलं बरं.

तो म्हणाला, "बरं. बघतो."

११ मार्च, बुधवार

बुरूडगल्लीत जाऊन वेळू आणला. बायनाबाईच्या दुकानातले सगळे वेळू काढून बघितले. एक वाकडा, एकाचं पेर किडलेलं. ती वैतागली. "काका, पोरगी बघायला आलाव का काठी घ्यायला?"

तिला फोटोची गोष्ट सांगितली. दुकानात बसलेल्या दोघी बाया पदर तोंडाला लावून हसल्या. बायनाबाई म्हणाली, "बर्फाच्या काठ्या निघाल्या तर माझं दुकान बसलंच म्हणायचं! पण काका, तुमच्या पोराला सांगा, दोन इकडं पाठव. उन्हाळ्यात टोपल्यापेक्षा जास्त खपतील."

परत येताना शेजारचे भगवानराव भेटले. निवृत्त मास्तर. वाद घातल्याशिवाय त्यांना चहा पचत नाही. मी म्हटलं, वरून खाली येते ती काठी नसते. ते लगेच म्हणाले, "मग वडाची पारंबी काय असते माणिकराव? वरूनच येते ना? तिची काठी करून म्हातारे चालतातच की."

घरी येऊन जेवताना, हात धुताना उत्तर शोधत होतो. पारंबी लाकूड असते, एवढंच सुचलं. ते काही उत्तर नव्हे.

१२ मार्च

फ्रीजमधला बर्फाचा तुकडा काढून मुठीत धरून बसलो. किती वेळ टिकतो बघायला. बोटं दुखायला लागली, पाणी कोपरापर्यंत आलं. सून म्हणाली, "मामा, काय करायलाव हे?" काही नाही म्हटलं. तुकडा संपला.

बघितलं ना! टिकत नाही.

१४ मार्च, शनिवार

महारुद्राचा निरोप आला. उद्या काम बंद आहे. पिकअप घेऊन खालच्या गावाला जाणार. तिकडे नदीकाठी झाडं आहेत म्हणे, फांद्या विकतही मिळतात. "आबाला सांग, लाकडाची आणतो. वेळू न्हाई, पण झाडाची तर झाली. आता तरी नीट जेवा म्हणाव."

बरं वाटलं. लई दिवसांनी दोन भाकरी खाल्ल्या.

१६ मार्च, सोमवार

काल संध्याकाळपासून त्याचा फोन नाही. सून म्हणते तिकडे रेंज जातेच, नेहमीचं आहे. मला माहीत आहे नेहमीचं आहे. तरी अंगणातून गेटपर्यंत फेऱ्या मारतोय. रुळावरची सवय. पावसाळ्यात पूल वाहून जाईल म्हणून जायचो, आणि पूल तिथेच असायचा. दरवेळी असायचा.

१७ मार्च, मंगळवार

बालाजीचा फोन आला. सोनपेठचा मुलगा, महारुद्राच्याच शेडमध्ये राहतो. त्याचा आवाज ऐकूनच सुनेनं भिंतीला हात लावला.

रविवारी दुपारनंतर तिकडे एकदम बर्फ पडायला लागलं. वरचा रस्ता बंद झाला. महारुद्राची पिकअप शेडवर परतली नाही. खालच्या चौकीवरून ती वर निघालेली दिसली होती. चौकीवाल्याच्या चांगली लक्षात राहिली. का, तर टपावर लांब काठी बांधलेली होती आणि त्यानं विचारलं, हे काय. तर हा हसून म्हणाला, "हमारा झंडा."

त्यापुढे कुणाला दिसला नाही.

माझी काठी. माझ्यासाठी गेला तो.

१८ मार्च, बुधवार

शोधायला माणसं गेली होती, वारा आहे म्हणून परत आली. बालाजी एवढंच सांगतो. मी पुन्हा पुन्हा तेच विचारतो — गाडीत घोंगडी होती का, पाणी होतं का, रस्त्यात कुठे घर आहे का. तो सगळ्याला "हाव आबा" म्हणतो. खरं असेल तर इतक्या पटकन म्हणाला नसता.

सून माझ्याशी बोलत नाही. सकाळी चहाचा कप ठेवला, त्यावर ताटली झाकली आणि गेली. मी हाक मारली तर दाराशी उभी राहून म्हणाली, "मामा, तुमी फक्त हो म्हणायचं होतं. फोटोच तर होता."

नंतर न्हाणीत पाणी सोडून रडत होती. पाण्याच्या आवाजात रडणं ऐकू येत नाही असं तिला वाटतं.

पारंबीचं सारखं आठवतं. मास्तर बरोबर बोलले होते. तेव्हाच का पटलं नाही?

१९ मार्च, पाडवा

वेळू अंगणात आडवा पडलेला. मी म्हटलं, राहू दे यंदा.

भगवानराव आले होते. आज वाद नाही. टोपी हातात घेऊन बसले. जाताना म्हणाले, "सुतक असंल तर सण न्हाई. पण सुतक आलंय का माणिकराव? कुणी सांगितलंय?"

तेव्हा आतून राजनंदिनी आली. नहाणं झालेलं, कपाळाला कुंकू. हातात सासूची जरीची साडी. म्हणाली, "आज गुढी उभारली न्हाई तर तुमी ठरवून टाकलं असं होईल. मी ठरवलेलं न्हाई. उठा."

उठलो. वेळूला तेल लावलं, साडी बांधली, गाठी, कडुलिंब, वर तांब्या. दोरीची गाठ दोनदा सुटली, मग तिनंच दोरी घेतली. गुढी दारात उभी राहिली. सरळ. एवढी सरळ काठी मी निवडून आणली! तिच्याकडे बघवेना. कडुलिंबाचा पाला आणि गूळ तोंडात टाकला, गूळ लागलाच नाही.

दिवसभर खुर्ची टाकून तिच्यासमोर बसलो. ती पडेल म्हणून. वारासुद्धा नव्हता.

दिवस मावळता राजनंदिनीच आली आणि हळदकुंकू वाहून गुढी उतरवली. साडीची घडी घालताना नाकाशी धरली. मला म्हणाली, "अजून आईंचा वास हाय." पुष्कळ दिवसांनी माझ्याशी नीट बोलली असं वाटलं. म्हणजे दोनच दिवस झाले होते.

२० मार्च, शुक्रवार

सकाळी बालाजीनं फोटो पाठवला. कालचा. त्यांनी महारुद्राची गुढी उभारली. त्याच्या पेटीतला हिरवा खण काढून. आणि काठी तीच! पत्र्याला लोंबलेली बर्फाची, मुरमाच्या डब्यात उलटी रोवलेली. वर स्टीलचा पेला. पाच-सहा पोरं कानटोप्या घालून उभी. त्यात बिहारचे, झारखंडचे. कुणालाच माहीत नाही कसं उभारायचं, सगळे हात जोडून.

मी घाईनं फोन लावला. विचारलं, किती वेळ टिकली? वितळली ना?

बालाजी म्हणाला, "न्हाई आबा. दिवस मावळला तरी एक थेंब गळला न्हाई. खण आम्हीच सोडला. काठी अजून तशीच उभी हाय. हितं वितळतंय कुठं?"

मी आपल्या पूर्णा गावचं ऊन उचलून तिथे नेऊन ठेवलं होतं. माझ्या मुठीत वितळला म्हणून तिथे वितळेल! मला तिथलं काय माहीत होतं? परभणीच्या पलीकडे फारसा गेलो नाही, हिवाळ्यात स्वेटरसुद्धा घातला नाही मी.

ती काठी होती. तो विचारत होता, चालंल का. चालली असती.

संध्याकाळी पुन्हा फोन. पिकअप सापडली. रस्ता सोडून उताराला, खिडकीपर्यंत बर्फात. आत कुणी नाही. आजूबाजूला खणून बघायलेत. बालाजी म्हणाला, "आबा, आता आशा धरू नका. मन घट्ट करा. वहिनीला तुमीच सांगा."

मी सांगितलं नाही. ती समोर उभी होती. सांगावं लागलं नाही.

संपलं. आता लिहिण्यासारखं काही राहिलं नाही. वेळू न्हाणीमागे नेऊन टाकला.

२१ मार्च, शनिवार

बालाजीनं गाडीचे फोटो पाठवले, मीच हट्ट केला म्हणून. भगवानरावांचा चष्मा लावून बघितले. राजनंदिनीनं बोटांनी मोठे केले.

टपावर काठी नाही. पडली असेल म्हणावं तर दोरी तुटलेली हवी. दोरी तुटलेली नाही. ड्रायव्हरच्या सीटवर आहे. गुंडाळून ठेवलेली! तीन पदर, मध्ये वेढा, टोक आत खोचलेलं. मी शिकवलं तशी. जन्मात कधी ऐकलं नाही त्यानं आणि त्या बर्फात दोरी गुंडाळून ठेवली.

म्हणजे काठी त्यानं सोडून घेतली. काठी टेकत कुठेतरी निघाला तो.

बालाजीला सांगितलं, खणू नका, खाली बघा, वस्तीकडे बघा. तो म्हणतो, आबा, सहा दिवस झाले. मी म्हटलं, होऊ देत.

रुद्रा, बर्फाची पण चालते रे. मी चुकलो. कुठल्या घरात असशील तर त्यांच्या फोनवरून एक रिंग दे, बोलू नको वाटलं तर. पण लवकर कळव.