पाच रेकॉर्डी आणि माझी गिटार

३ मार्च, सकाळी ९
पेपरात बातमी. आमच्या गायक दादांचे शेवटचे पाच सोलो अल्बम एका पेटीत येणार. मूळ टेपवरून साफ केलेले, सोबत साठ पानी पुस्तिका. दादा जाऊन दोन वर्षं झाली. पेटी वहिनी काढतायत. पाचही अल्बमांत रिदम गिटार मी वाजवली. मला फोन नाही. कट आहे असं म्हणत नाही. नोंद करून ठेवतो.

५ मार्च
अजून फोन नाही. बायकोला स्वयंपाकघरातून माझ्या नंबरवर फोन करायला लावला. लागतो. म्हणजे कटच.

६ मार्च, १०.३०
निश्चय : आपण होऊन फोन करायचा नाही. स्वाभिमान.

११.१०
केला. वहिनी फारच गोड बोलल्या. म्हणाल्या, ‘भावजी, तुम्हाला कसं विसरू? पुस्तिकेसाठी एक फोटो पाठवा.’ तीस वर्षांत इतक्या गोड कधी बोलल्या नव्हत्या. दाल में काला. आणि फोटो कशाला? ओळख पटवायला?

९ मार्च
फोटो शोधले. जिथे मी आहे तिथे तोंडावर ड्रमरचं कोपर. त्यातल्या त्यात अर्धं तोंड दिसणारा पाठवला. मग ड्रमरचाच फोन. पुस्तिकेसाठी त्याची मुलाखत घेतली, दोन तास! माझा फक्त फोटो. डाव लक्षात आला : मला दाखवायचं, पण बोलू द्यायचं नाही.

१२ मार्च
पेटीतलं एक गाणं नेटवर आलं. चौदा वेळा ऐकलं. माझी गिटार गायब! हेडफोन बदलले. तरी गायब. बायको म्हणाली, आधी तरी कुठे ऐकू यायची? तिला संगीताचा कान नाही. जुनी रेकॉर्ड लावून दाखवली. दुसऱ्या कडव्यानंतर स्पष्ट ‘टक्’ येतं. ती म्हणते ओरखडा आहे. तो मी आहे.

१३ मार्च
मेहुणा वकील आहे. नोटीस पाठव म्हटलं. पुरावा मागतो. पुरावा टेपवर, आणि टेप पेटीचं काम करणाऱ्या रेकॉर्डिस्टकडे. बेसावध असताना धाड घालायचं ठरवलं. फोनवर रेकॉर्डिस्टने परवा चार वाजता या, असं सांगितलं.

१५ मार्च, संध्याकाळी ६
धाड घातली. रेकॉर्डिस्टने चहा दिला. प्रत्येक वाद्याचा ट्रॅक वेगळा असतो, माझा होता. त्याने आधी तो एकटा वाजवला, मग बाकीच्यांबरोबर. सुरुवातीपासून शेवटपर्यंत मी अर्धी मात्रा मागे. म्हटलं, टेप ताणली गेली असणार. तो म्हणाला, ‘मग बाकीचे सगळे बरोबर कसे?’ उद्धटच आहे.

मग म्हणाला, हा ट्रॅक आम्ही काढला नाही. दादांनीच तेव्हा बंद ठेवला होता, पाचही अल्बमांत.

म्हणजे कट तीस वर्षांचा आणि सूत्रधार खुद्द दादा! मग दर वेळी मला बोलवायचे कशाला? रेकॉर्डिस्टने टेप पुढे नेली. दोन गाण्यांच्या मधलं बोलणं होतं. तेव्हाचा रेकॉर्डिस्ट हळूच विचारतो, ‘दादा, याला घरी पाठवू का?’ दादा म्हणतात, ‘राहू दे रे. तो समोर बसला की मला गाता येतं.’

मग लांबून माझा आवाज : ‘दादा, जरा मोठ्याने वाजवू का?’

‘वाजव की. झकास चाललंय तुझं.’

चहा गार झाला होता. तसाच प्यालो.

१६ मार्च, सकाळी
मेहुण्याला कळवलं, नोटीस नको. पुरावा चांगला मिळाला, पण तांत्रिक अडचण आहे.

वहिनींना फोन केला. म्हटलं, पुस्तिकेत माझ्या नावापुढचं ‘गिटार’ काढा. वहिनी मग म्हणाल्या, ‘भावजी, छापून झालं. आणि ते काढायचं नाही, असं हे मला सांगून गेलेत.’

फोन ठेवल्यावर संशय आला. वहिनींना माहीत होतं. म्हणजे ड्रमरलाही असणार.

स्वयंपाकघरात गेलो. बायको मटार सोलत होती. विचारलं, तुलाही माहीत होतं का? तिने वर पाहिलं नाही. म्हणाली, ‘बस इथे. मी एकटी किती सोलू?’

बसलो.